बिल कुणाच्या नावावर फाडायचं?

पत्र

ताई, मी ४१ वर्षांची आहे. पुण्यात राहते, एका छोट्या ट्रेडिंग कंपनीत अकाउंट्स बघते. अकरा महिन्यांपूर्वी नवरा घर सोडून गेला. त्याच्या ऑफिसातली एक मुलगी आहे, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. आमची लेक आठवीत आहे, ती माझ्याजवळ असते. घटस्फोटाचं अजून काहीच कागदावर नाही. फ्लॅटचं कर्ज दोघांच्या नावावर आहे. सुरुवातीचे तीन महिने तो पैसे पाठवायचा, मग बंद झाले. मी मागितलेही नाहीत. लाज वाटते.

मैत्रिणीनं बळेच झुंबाला नेलं. तिथे शकिराचं एक गाणं लागतं. शिकवणाऱ्या बाईंनी अर्थ सांगितला, ‘बायका आता रडत नाहीत, बायका कमावतात.’ सगळ्याजणी त्या ओळीला हात वर करतात. घरी येऊन शोधलं तर शब्दशः अर्थ निघाला, ‘बायका इनव्हॉइस काढतात.’ ताई, मी तर दिवसभर इनव्हॉइसच काढते! आणि जेवणाच्या सुट्टीत बाथरूममध्ये नळ सोडून रडते. मग मी कुठे चुकतेय?

दुसरं म्हणजे, मी एक पोस्ट लिहून ठेवली आहे. तिचं नाव, फोटो, तिच्या आईवडिलांचं गाव, सगळं. मैत्रिणी म्हणतात, शकिरानं जगासमोर धुतलं, तू का गप्प बसतेस? आई म्हणते, झालं गेलं विसर. रोज रात्री तो ड्राफ्ट उघडते, एखादं वाक्य वाढवते आणि बंद करते. टाकू का? आणि मी कमकुवत आहे का? मला ‘तू’च म्हणा.
— अ., पुणे

उत्तर

प्रिय अ.,

नळ सोडून रडतेस, हे वाचून मी बराच वेळ पुढे वाचलं नाही. माझी आत्या आठवली. तिचा नवरा गेला (म्हणजे निघून गेला) तेव्हा ती चाळिशीच्या आतच होती. तिनं पाच घरच्या पोळ्या धरल्या. सुट्टीत मी तिच्याकडे राहायला जायचे. ती पोळ्या लाटताना रडायची. हात पिठाचे, त्यामुळे डोळे पुसता यायचे नाहीत, मग मान वाकडी करून डोळा खांद्याला घासायची. ब्लाउजच्या बाहीवर एक ओला डाग पडायचा. पोळी मात्र उलटायच्या वेळेला उलटली जायची, एकही करपल्याचं मला आठवत नाही. संध्याकाळी ती भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकटीत पेन्सिलीनं आकडे लिहायची, कुणाकडे किती पोळ्या गेल्या, कुणाचे पैसे राहिले. रडणं आणि हिशेब, दोन्ही एकाच दिवसात, एकाच बाईचं.

तेव्हा कमकुवत आहेस का, या प्रश्नाचं उत्तर आधीच देते. नाहीस.

आता त्या गाण्याकडे येऊ. मला ते मनापासून आवडतं आणि त्यातल्या काही ओळींशी माझं भांडणही आहे. ११ जानेवारी २०२३ ला ते आलं. अर्जेंटिनाचा तरुण निर्माता बिझारॅप आपल्या स्टुडिओत एकेका गायकाला बोलावून क्रमांकानं गाणी काढतो, त्यातलं हे ५३ वं. म्हणजे गाण्याला धड नाव नाही, नुसता नंबर. आणि शकिरा ही कोलंबियातल्या बारांकियाची, तेव्हा ४५ वर्षांची, दोन मुलांची आई. फुटबॉलपटू जेरार्ड पिकेबरोबरची तिची अकरा वर्षांची सोबत जून २०२२ मध्ये संपल्याचं जाहीर झालं होतं. ‘लास मुखेरेस या नो योरान, लास मुखेरेस फाक्तुरान’ ही ती ओळ. यूट्यूबवर पहिल्या चोवीस तासांत ते ६ कोटी ३० लाख वेळा पाहिलं गेलं आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सेव्हियाला लॅटिन ग्रॅमीत ते वर्षातलं सर्वोत्कृष्ट गीत ठरलं.

तू काढलेला अर्थ बरोबर आहे. ‘फाक्तुरार’ म्हणजे बिल करणं, इनव्हॉइस काढणं. झुंबाच्या बाईंचं ‘कमावतात’ही चूक नाही, स्पॅनिशमध्ये तो शब्द उलाढालीसाठीही वापरतात. पण मला विचारशील तर मराठीत ती ओळ अशी यायला हवी : बायका आता रडत नाहीत, बायका बिल फाडतात. कारण आपल्याकडे बिल फाडण्याचे दोन अर्थ होतात. एक, ज्याच्याकडून येणं आहे त्याच्याकडे रीतसर मागणं. आणि दुसरा, एकाची चूक दुसऱ्याच्या नावावर खपवणं. ‘माझ्या नावावर बिल फाडू नकोस’ म्हणतो ना आपण, तो. तुझ्या पत्रात मला हे दोन्ही अर्थ एकमेकांत अडकलेले दिसतात. बिल फाडायचं आहेच, पण कुणाच्या नावावर?

आधी रडण्याचं. ती ओळ ऐकताना वाटतं, बाई एका रात्रीत अश्रू पुसून उभी राहिली. तसं झालेलं नाही. त्याच्या तीन महिने आधी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, तिचं ‘मोनोतोनिया’ नावाचं गाणं आलं होतं. त्याच्या व्हिडिओत तिच्या छातीला भगदाड पडलंय आणि ती स्वतःचं काळीज हातात धरून रस्त्यानं चाललीय. त्या गाण्यात ती म्हणते, दोष तुझा नव्हता, माझाही नव्हता, दोष त्या रोजच्या रटाळपणाचा. म्हणजे ऑक्टोबरात ती कुणालाच दोष देत नव्हती आणि जानेवारीत तिनं नखं बाहेर काढली. मे महिन्यात आणखी एक गाणं आलं, मुलांसाठी. त्यातल्या ओळींची आद्याक्षरं जुळवली की मिलान आणि साशा ही मुलांची नावं तयार होतात, आणि मुलंही तिच्याबरोबर गातात. त्यात राग नाही, नुसती माया आहे. एकाच बाईची ही सात-आठ महिन्यांतली तीन गाणी. झुंबाच्या वर्गात त्यातलं फक्त मधलं लागतं, म्हणून तुला वाटलं की तू मागे पडलीस. तू कदाचित ऑक्टोबरात असशील. असू दे.

आपल्या बायांना तर हे फार आधीपासून ठाऊक होतं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यात नवरा आहे, सवत आहे, सासू आहे, माहेर आहे. पहाटे जातं ओढताना म्हटलेल्या. रडून झाल्यावर दळायचं किंवा दळून झाल्यावर रडायचं, अशी सोय त्या बायांना नव्हती. ओवी चालू, खुंटा हातात, आणि पीठ पडतंय. म्हणून ‘या नो योरान’, आता रडत नाहीत, ही अर्धी ओळ मला पटत नाही. गर्दीत हात वर करायला ती छान आहे, हात खुशाल वर कर. पण बाथरूममधला नळ ती अर्धी ओळ लागू करून बंद करायला जाऊ नकोस.

उरलेली अर्धी ओळ मात्र मला तुझ्याकडून शब्दशः हवी आहे.

तू अकाउंट्सवाली आहेस, तेव्हा तुझ्याच भाषेत बोलते. एखाद्या पार्टीकडून येणं असेल आणि तिला बिलच पाठवलं नाही, तर पैसे कधी येतात? तू म्हणतेस, ‘मी मागितलेही नाहीत, लाज वाटते.’ लेकीची शाळेची फी, क्लास, डॉक्टर, फ्लॅटच्या हप्त्यातला त्याचा वाटा, तुझं स्त्रीधन, हे सगळं येणं आहे. आठ महिने तू एकटीनं भरलंस आणि बिल काढलं नाहीस. ऑफिसात कुणी असं केलं असतं तर तूच त्याला बोलली असतीस.

त्याच वेळी काही रकमा बुडीत खात्यात जातात, हेही तुला माहीत आहे. इतक्या वर्षांचा जीव, त्याच्या आजारपणात काढलेल्या रात्री, त्यानं ‘चुकलो’ म्हणावं ही आशा. याचं बिल कुठल्याच कोर्टात लागत नाही. पण बुडीत खात्यात टाकायलाही वेळ लागतो, पहिल्याच महिन्यात कुणी रक्कम बुडीत धरत नाही. आई ‘विसर’ म्हणते ते तिच्या काळजीपोटी म्हणते, पण तिचा सल्ला सरसकट घेतलास तर येणंही बुडीत जाईल. दोन्ही वेगवेगळ्या पानांवर लिही. खरंच लिही, कागदावर.

आणि आता तुझ्या मैत्रिणींना सांग : शकिरानं जगासमोर धुतलं हे खरं, पण त्याआधी तिनं काय केलं ते बघा. मुलांचा ताबा कुणाकडे, ती कुठे राहणार, याचा करार तिनं आणि पिकेनं नोव्हेंबर २०२२ मध्येच केला होता. गाणं आलं जानेवारीत. आधी कागद झाले, मग गाणं आलं. त्यांचं लग्नच झालं नव्हतं, म्हणून घटस्फोट नव्हता. पण मुलांचं जे लिहून घ्यायचं ते आधी लिहून घेतलं होतं. माझ्या मते त्या सगळ्या प्रकरणातली सर्वांत खंबीर गोष्ट ती होती, आणि तिच्यावर कुणी नाचत नाही.

तुझ्याकडे एकही कागद नाही. तिथून सुरुवात करू.

घटस्फोटाचा अर्ज न करताही पोटगी मागता येते. पूर्वी ज्याला कलम १२५ म्हणत ते १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालं आहे. तू कमावतेस म्हणून तुझा किंवा लेकीचा हक्क आपोआप जात नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालात ते स्पष्ट केलं आहे. तुझा पगार हिशेबात धरतील, पण त्याची जबाबदारी संपत नाही. त्याच निकालानं दोन्ही बाजूंना आपली मालमत्ता, उत्पन्न आणि देणी शपथपत्रावर द्यायला लावली, म्हणजे ‘माझ्याकडे काहीच नाही’ असं नुसतं तोंडी म्हणून भागत नाही. आणि तुझ्यासारखीच्या चटकन लक्षात येईल अशी गोष्ट म्हणजे, पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात. अर्ज जितका लांबवशील, तितके महिने तुझे तूच बुडवतेस.

वकिलाची फी परवडत नाही असं मनात आणू नकोस. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, कायद्यातच तशी तरतूद आहे. १५१०० वर फोन केलास तर पुढचं सांगतील. जाताना लग्नाचा दाखला, दोघांच्या पगाराची जी काही कागदपत्रं असतील ती, कर्जाचं स्टेटमेंट, लेकीच्या फीच्या पावत्या आणि त्यानं पहिले तीन महिने पाठवलेल्या पैशांच्या नोंदी घे. त्या तीन नोंदी जपून ठेव. खर्च आपल्याकडे आहे हे त्यानं मानलं होतं, असं त्या सांगतात.

कर्जाकडे तर आजच बघ. सहकर्जदार म्हणून तूही पूर्ण रकमेला बांधील आहेस, त्यानं हप्ता चुकवला तरी तुझा सिबिल स्कोअर खाली जाणार. शकिरानं त्याच गाण्यात कुरकुर केली आहे : सासू शेजारी ठेवून गेलास, दारात पत्रकार आणि डोक्यावर करखात्याची थकबाकी. लॅटिन ग्रॅमीच्या त्याच आठवड्याभरात बार्सिलोनाच्या कोर्टात करचुकवेगिरीच्या खटल्यात तिनं तडजोड केली आणि ७० लाख युरोंहून जास्त दंड मान्य केला. तो तिच्या स्वतःच्या करांचा मामला होता, पिकेचा नव्हे. पण एवढ्या मोठ्या बाईलासुद्धा मन मोडलंय म्हणून कागदांनी सवलत दिली नाही, ती तुला-मला कुठून मिळणार?

आता तो ड्राफ्ट.

माझं आणि त्या गाण्याचं भांडण इथे आहे. त्यात पिकेला त्याच्या नव्या मैत्रिणीवरून मारलेली एक ओळ आहे की तू फेरारी देऊन ट्विंगो ही साधी छोटी गाडी घेतलीस, रोलेक्स देऊन कॅसिओचं स्वस्त घड्याळ. आणखी एक, की मी बावीस-बावीस वर्षांच्या दोघींच्या तोडीची आहे. ऐकताना मजा येते. मीही पहिल्यांदा मोठ्यानं हसले होते. पण दुसऱ्यांदा ऐकताना जाणवलं की यात दोन्ही बायका गाड्या झाल्या आणि गिऱ्हाईक मात्र तोच राहिला, निवडणारा. सबलीकरणाचं म्हणून वाजणाऱ्या गाण्यात बाईची किंमत अजून तोच ठरवतो आहे. मला हे खुपतं. गाणं आलं तेव्हा स्पेनमध्ये आणि लॅटिन अमेरिकेतही बायकांनीच यावर वाद घातला होता.

आणि तरीसुद्धा, अ., शकिरानं नावं सरळ घेतलेली नाहीत. ‘सालपिके’ या क्रियापदात पिकेचं नाव दडवलं, ‘क्लारामेंते’ या साध्या ‘उघडच’ अर्थाच्या शब्दात त्याच्या नव्या मैत्रिणीचं, क्लाराचं. ज्यांना कळायचं त्यांना कळलं. तिच्या पाठीशी वकिलांची फौज असणार, तरी शब्दांच्या घडीतच ठेवलं. तू नाव लिहिलंस, फोटो लावलास आणि तिच्या आईवडिलांच्या गावापर्यंत पोचलीस.

टाकू नकोस.

तिला वाचवायला सांगत नाही मी. तिचं वागणं मला आवडलेलं नाही, आणि तुला तिचा राग येतो यात गैर काही नाही. पण बिल चुकीच्या पार्टीच्या नावानं निघतंय. लग्नात तुझ्याशी शब्द बांधला होता तो त्यानं, तिनं नव्हे. कायदाही हेच म्हणतो. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं व्यभिचार हा गुन्हा म्हणून रद्द केला, पण घटस्फोटाचं कारण म्हणून तो कायम आहे, म्हणजे प्रश्न नवरा आणि बायको यांच्यातला. उलट त्या पोस्टवरून ती तुझ्यावर बदनामीची केस करू शकते. त्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मग तू कोर्टात फिर्यादी म्हणून जायच्याऐवजी आरोपी म्हणून उभी राहशील, आणि त्याचा वकील तोच स्क्रीनशॉट काढून लेकीच्या ताब्याच्या वेळी समोर धरेल. ज्याच्याकडून येणं आहे तो यात कुठेच नाही, बघ. अकरा महिने रोज रात्री तू जे लिहितेस त्यात त्याचं नाव किती वेळा आलंय, मोज एकदा. माझा अंदाज आहे की तिचं जास्त वेळा असेल.

लिहिलेलं पुसू मात्र नकोस. फोनमधून काढून एका वहीत उतरव. चुकून बोट लागून जाईल अशा जागी ते नको, एवढंच. वहीत हवं तितकं वाढव, शिव्या घाल, गाव लिही. वहीवर कुणी केस करत नाही.

आणि फोनमध्ये त्या जागी दुसरा ड्राफ्ट सुरू कर. त्याच्या नावे ईमेल. त्यात एकही विशेषण नको. अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत लेकीचा खर्च इतका, हप्त्यातला तुझा वाटा इतका, सोबत पावत्या, अमुक तारखेपर्यंत खात्यात जमा करावेत. तू रोज दहा पार्ट्यांना असं लिहितेस. ‘कृपया’ घातलंस तरी चालेल, तिथेही घालतेसच. उत्तर आलं नाही तर ही मेलसुद्धा वकिलाच्या फायलीत जाईल. मात्र पाठवण्याआधी वकिलाला एकदा दाखव.

ज्या बायांना पगारच नाही, ज्यांनी वीस वर्षं घर ओढलं आणि आज हातात एक पावतीही नाही, त्यांची पत्रंही माझ्याकडे येतात. त्यांना ही ओळ फार लागते, कारण इनव्हॉइस काढायला आधी कुणीतरी तुमच्या कामाला काम म्हणावं लागतं. त्यांना मी हेच सांगते की पोटगी ही भीक नाही, ते थकलेलं येणं आहे. तुला पगार आहे, हिशेबाचं शिक्षण आहे, तरी मागायची लाज तुलाही त्यांच्याइतकीच वाटते, हे वाचून मला वाईट वाटलं. ही लाज कुणी शिकवली आपल्याला?

लेकीपासून नळ किती दिवस लपवणार आहेस? तेरा वर्षांच्या मुलीला भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येतं. तिला सगळा तपशील द्यायची गरज नाही, पण ‘मला आज रडू आलं’ एवढं तिच्यासमोर म्हणता यायला हवं, नाहीतर तीही उद्या नळ सोडायला शिकेल. बापाबद्दल तिच्यासमोर वाईट बोलू नकोस. खूप जड झालं, झोप उडाली, जेवण जाईना, तर १४४१६ ही टेलिमानसची सरकारी हेल्पलाइन आहे, तिथे मराठीतून बोलता येतं. आणि डॉक्टरकडे जावंसं वाटलं तर जा.

झुंबा सोडू नकोस. त्या ओळीला हात वर कर, डोळ्यांत पाणी असलं तरी कर. लेकीलाही एखाद्या शनिवारी घेऊन जा.

माझ्या आत्याच्या कालनिर्णयवर, तुला सांगायचं राहिलं, एका कोपऱ्यात दर महिन्याला एक आकडा लाल पेनानं असायचा. मी विचारलं तेव्हा म्हणाली, ‘हा त्याच्याकडचा.’ तिनं तो कधी मागितला नाही. त्या काळी तिला कुणी सांगितलं नव्हतं कुठे मागायचा ते. कॅलेंडरची ती पानं माझ्याकडे आहेत, बारा वर्षांची.

पंधरा तारखेच्या आत मेलचा मसुदा तयार करून वकिलाकडे ने. मला तो नको पाठवूस, फक्त गेला एवढं कळव.

तुझी,
ताई